गुरुजींनी एकदा विचारलंय

वाचकाचं पत्र:

सप्रेम जय ख्रिस्त. मी पुण्यात एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, वय ४३. वडील ७४ वर्षांचे. नगर जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते, गावात अजून सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. तीन महिन्यांपूर्वी कावीळ झाली म्हणून पुण्याला आणून दाखवलं, तर स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनच्या पलीकडे गेलाय. पित्ताच्या नळीत स्टेंट टाकला, कावीळ उतरली. दादाने, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, डॉक्टरांना केबिनमध्ये गाठून सांगितलं, ‘पप्पांना काही बोलू नका.’ नळीत खडा अडकला होता असं आम्ही पप्पांना सांगितलंय. फाइल दादाच्या स्कूटरच्या डिकीत असते. केमोला घरात ‘ताकदीची सलाइन’ म्हणतात.

मागच्या महिन्यात एका रात्री मी त्यांच्या खोलीत झोपले होते. अंधारातच पप्पा म्हणाले, ‘तू नर्स आहेस. तू तरी खरं सांग, मला काय झालंय?’ मी म्हणाले, ‘काही नाही पप्पा, काविळीचा अशक्तपणा आहे.’ ते ‘बरं’ म्हणाले आणि कुशीवर वळले. त्यानंतर विचारलं नाही.

दादा बँकेत लागण्याआधी दोन वर्षं बायबल कॉलेजात होता. तो म्हणतो, याला सिच्युएशन एथिक्स म्हणतात. जोसेफ फ्लेचर नावाच्या धर्मपंडिताने सांगितलंय की प्रीती हा एकच नियम पक्का, बाकी नियम परिस्थिती बघून. संत ऑगस्टीनही म्हणतो, ‘प्रीती कर आणि तुला हवं ते कर.’ आपण प्रीतीपोटी बोललो, मग पाप कसलं? मला उत्तर देता येत नाही. पण गेल्या प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमध्ये प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर वाटतात तेव्हा, भाकरीचं ताट माझ्यापाशी आलं आणि मी न घेता पुढे सरकवलं. पप्पा आमच्या मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चच्या समाजाचा, इतिहास लिहितायत. वही १९७२ च्या दुष्काळापर्यंत आलीय. ‘उन्हाळ्यात ताकद आली की पुढचं लिहीन,’ म्हणतात. ते ऐकलं की मी उठून स्वयंपाकघरात जाते. प्रीतीपोटी बोललेलं खोटं पाप असतं का? आणि आता मी काय करू?

– एक वाचक, पुणे

सप्रेम जय ख्रिस्त, ताई.

तुमच्या दादाने दोन मोठे साक्षीदार उभे केलेत. त्यांना नीट बोलतं केलं की गंमत होते: दोघेही फुटतात.

पण आधी दादाची बाजू. फ्लेचर काही वाह्यात माणूस नव्हता. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चचा हा धर्मगुरू मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या धर्मशिक्षण संस्थेत नीतिशास्त्र शिकवायचा. १९६६ साली त्याचं ‘सिच्युएशन एथिक्स’ हे पुस्तक आलं आणि बराच गदारोळ झाला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. एक माणूस नियमाचं पुस्तक उघडून त्यातलं कलम शोधतो. दुसरा नियमच मानत नाही, ऐन वेळी मनाला येईल ते करतो. फ्लेचर तिसरा रस्ता सांगतो: पूर्वजांनी दिलेले नियम जवळ ठेवा, त्यांचा मान राखा, पण एखाद्या प्रसंगी नियम पाळण्याने शेजाऱ्यावरच्या प्रीतीचा बळी जात असेल तर तो नियम बाजूला ठेवा. रोमच्या चर्चला हा सूर आधीपासूनच खटकत होता. हे पुस्तक यायच्या चौदा वर्षं आधी, १९५२ मध्ये, पोप बारावे पायस यांनी अशा विचारावर टीका केली होती आणि १९५६ मध्ये तो धर्मगुरूंच्या विद्यालयांत शिकवायलाही मनाई झाली.

तरी हा विचार हवेतून आलेला नाही. ‘शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी झाला नाही,’ हे प्रभूचेच शब्द. दाविदाने भुकेल्या माणसांसाठी फक्त याजकांनी खायच्या समर्पित भाकरी घेतल्या, त्याचा दाखलाही प्रभूनेच दिला. बायबलच्या निर्गम या पुस्तकात शिप्रा आणि पुवा या सुइणी, इब्री मुलगे जन्मताच मारा म्हणणाऱ्या मिसरच्या राजाच्या, फारोच्या, तोंडावर खोटं बोलतात आणि देव त्यांचं भलं करतो. यरीहो शहरात राहाब नावाची बाई इस्राएली हेरांना छपरावर लपवते आणि राजाच्या माणसांना भलतीकडे पिटाळते, तरी नव्या करारात तिचं नाव विश्वासाच्या यादीत आहे. तेव्हा दादाला पाखंडी ठरवून वाद जिंकू नका. तसा तो जिंकताही येणार नाही.

आता पहिला साक्षीदार. याच फ्लेचरने १९५४ मध्ये, म्हणजे ‘सिच्युएशन एथिक्स’च्या बारा वर्षं आधी, वैद्यकातल्या नीतीवर एक पुस्तक लिहिलं होतं. गर्भनिरोधन, दयामरण असे तेव्हाचे सगळे स्फोटक विषय त्यात आहेत. पण त्या सगळ्यांच्या आधी त्याने कोणता प्रश्न घेतला असेल? रुग्णाला स्वतःच्या आजाराचं खरं कळण्याचा हक्क. आणि तो ठामपणे रुग्णाच्या बाजूने उभा राहिला. काय चाललंय हेच माहीत नसेल तर माणूस निवड कशाची करणार, आणि ज्याला निवडच नाही त्याच्या हातात स्वतःचं म्हणून काय उरलं, असा त्याचा मुद्दा. हे तो कोणत्या काळात लिहीत होता बघा. १९६१ मध्ये शिकागोतल्या डॉक्टरांची पाहणी झाली तेव्हा दहातले नऊ जण कॅन्सर झाल्याचं रुग्णाला सहसा सांगत नव्हते. अमेरिकेतही तेव्हा तुमच्या घरासारखीच ‘ताकदीची सलाइन’ चालायची. १९७९ मध्ये तोच प्रश्न पुन्हा विचारला तर ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूने होते. म्हणजे दादा ज्याचं नाव घेऊन फाइल डिकीत ठेवतोय, त्याने ती गुरुजींच्या उशाशी ठेवली असती.

दुसरा साक्षीदार ऑगस्टीन. ‘प्रीती कर आणि तुला हवं ते कर’ हे वाक्य योहानाच्या पहिल्या पत्रावरच्या त्याच्या प्रवचनातलं आहे. मुलं पळवणारा मुलाला गोंजारतो आणि बाप त्याच मुलाला फटका देतो, असा दाखला त्याच्या आगेमागेच येतो. वरून गोड दिसतं ती प्रीती असेलच असं नाही, आणि कडू दिसतं त्यात ती नसेलच असंही नाही, हे त्याला सांगायचंय. कानाला गोड लागेल ते बोलायचा परवाना म्हणून ते वाक्य वापरणं म्हणजे त्याला उलटं टांगणं आहे.

इतकंच नाही. खोटं बोलण्याविरुद्ध ऑगस्टीनने दोन पुस्तकं लिहिली. दुसरं इसवी सन ४२० च्या सुमाराचं. त्यात एक प्रसंग आहे, तो वाचून मी पुस्तक खाली ठेवलं होतं. एक माणूस मरणाच्या दारात आहे. त्याचा एकुलता एक, लाडका मुलगा वारलाय आणि ही बातमी त्याला सोसणार नाही. तो तुम्हाला विचारतो, माझा मुलगा जिवंत आहे ना? काय सांगाल? ऑगस्टीन कबूल करतो की या प्रश्नाने त्याचंही काळीज हलतं. आणि तरी म्हणतो, खोटं बोलू नये.

मी ऑगस्टीनइतकी कडक नाही. त्या सुइणींनी फारोला खरं सांगून टाकायला हवं होतं असं मला कोणी पटवू शकणार नाही. माझ्या मनातली गाठ सुटली ती डीट्रिख बाँहोफरमुळे. हा जर्मन पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, हिटलरच्या तुरुंगात होता. ९ एप्रिल १९४५ ला त्याला फाशी दिलं. खरं बोलणं म्हणजे काय, यावर तुरुंगात लिहायला घेतलेला त्याचा एक निबंध अपुरा राहिला. त्यात एक शाळकरी मूल आहे. मास्तर भर वर्गात त्याला विचारतात, ‘तुझा बाप बऱ्याचदा दारू पिऊन घरी येतो, हे खरं का?’ ते खरंच असतं. मूल म्हणतं, ‘नाही.’ बाँहोफर त्या मुलाची बाजू घेतो. घराच्या आतलं चारचौघांत उकरायचा मास्तरांना हक्कच नव्हता, मुलाला ते शब्दांत मांडता आलं नाही, म्हणून ‘नाही’ म्हणाला. प्रश्न कोण विचारतंय आणि त्याला तो विचारायचा अधिकार आहे का, यावर उत्तराचा खरेखोटेपणा ठरतो.

आता ही फूटपट्टी तुमच्या घरात लावा. उपासनेनंतर गव्हांकुराचा रस घेऊन येणाऱ्या आणि खोलीत नजर फिरवत ‘नक्की काय निघालं गं?’ विचारणाऱ्या बाईंना तुम्ही ‘काविळीचंच आहे’ म्हणालात, तर मी तुमच्याकडे बोट दाखवणार नाही. त्या यरीहोच्या राजाच्या माणसांइतक्या वाईट नसतील, पण हक्क त्यांचाही नाही. गुरुजींचं तसं आहे का? पोट त्यांचं, नळी त्यांच्या पोटात, सलाइन त्यांच्या शिरेत. या जगात ज्या एका माणसाला तो प्रश्न विचारायचा पूर्ण अधिकार आहे, त्यानेच तो विचारला. अंधारात, हळू आवाजात, आणि नीट विचार करून माणूस निवडून. ‘तू नर्स आहेस’ असं ते उगीच म्हणाले नाहीत.

फ्लेचरच्या पुस्तकातला एक गाजलेला प्रसंग दादाला आठवत असेल. महायुद्धानंतर युक्रेनमधल्या सोव्हिएत छावणीत अडकलेली जर्मन आई. गरोदर कैद्यांना सोडून देतात हे कळल्यावर ती एका पहारेकऱ्याकडून गर्भ राहू देते आणि घरी, नवऱ्याकडे आणि मुलांकडे परतते. बरोबर की चूक यावर लोक अजून भांडतात. पण तिथे जिने ठरवलं, तिनेच किंमत मोजली. तुमच्याकडे दादाने ठरवलं आणि किंमत गुरुजी मोजतायत. वही १९७२ वर थांबलीय आणि ते उन्हाळ्याची वाट बघतायत. तो उन्हाळा त्यांना मिळेल की नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे, फक्त वही ज्याची आहे तो सोडून.

मी हे शहाणपणाच्या उंचीवरून बोलत नाहीये. माझ्या सासूबाईंच्या बाबतीत आम्ही नेमकं हेच केलं. स्तनातली गाठ होती. ‘साधी गाठ आहे, विरघळेल’ असं सांगायचं घरात ठरलं, आणि ते सांगण्यात मी सगळ्यात पुढे होते. एक दिवस शाळेतून आले तर दारात भांड्यांवर नावं घालणारा बसलेला. त्याच्या यंत्राची ती दात आंबवणारी घरघर, आणि समोर सासूबाईंची सगळी चांगली भांडी ओळीने मांडलेली: पितळी परात, दोन कळशा, लग्नातले डबे. प्रत्येकावर एकेका नातीचं नाव घालून घेत होत्या. मी विचारलं, ‘आत्ता कशाला?’ तर म्हणाल्या, ‘बसून होते, म्हटलं करून टाकावं.’ आणि माझ्याकडे बघून हसल्या. त्यांना माहीत होतं. कदाचित पहिल्या दिवसापासून. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून त्या पाच महिने आमचं नाटक सांभाळत होत्या. शेवटपर्यंत आम्ही एकमेकींशी त्यावर अवाक्षर बोललो नाही. ती परात आज माझ्या मुलीकडे आहे. त्यात कणीक मळताना मला अजून तो आवाज ऐकू येतो.

म्हणून गुरुजींचं ते ‘बरं’ मला साधं वाटत नाही. चाळीस वर्षं पोरांच्या चेहऱ्यावरून गृहपाठ केला की नाही ते ओळखणारा माणूस आहे तो.

फ्लेचरचीच एक गोष्ट घेऊन दादाशी बोला, कारण ती मला पटते. तो ज्या प्रीतीबद्दल बोलतो ती आपल्या बायबलातली प्रीती. पोटात कालवतं ती माया वेगळी. प्रीती म्हणजे समोरच्याचं भलं व्हावं म्हणून आपण घेतलेला निर्णय, मग तो घेताना आपल्याला बरं वाटो न वाटो. ‘पप्पा खचतील’ असं दादा म्हणतो तेव्हा त्यातलं अर्धं पप्पांबद्दल असतं. उरलेलं अर्धं ‘ते खचलेले मला बघवणार नाहीत’ असं असतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, लेकराचं काळीज आहे ते. फक्त त्याला प्रीतीचा नियम म्हणू नये. गुरुजींनी तुमच्याकडून करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय पाठ करून घेतला असेलच. प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे, हे सगळ्यांना येतं. पुढे ती ‘सत्यासंबंधी आनंद मानते’ हेही आहे, आणि तेही प्रीतीच्याच वर्णनात.

डॉक्टर दादाचं ऐकून गप्प का बसले, असा राग तुम्हाला येत असेल तर सांगते. आपल्याकडच्या डॉक्टरांसाठी २००२ साली आचारसंहितेचे जे नियम आले, त्यांत आजाराचं गांभीर्य वाढवून किंवा कमी करून सांगू नये असं आहे. पण पुढे, स्थितीची कल्पना ‘रुग्ण, त्याचे नातेवाईक किंवा जबाबदार मित्र’ यांना असावी, अशा अर्थाचं कलम आहे. त्या ‘किंवा’मध्ये आपली निम्मी घरं राहतात.

आता काय करायचं.

आधी दादा. त्याला डावलून एकटीने जाऊन सांगू नका. उद्या पप्पांना रडू आलं तर तो आयुष्यभर तुम्हाला ऐकवेल, आणि पप्पांच्या शेवटच्या दिवसांत घरात दोन तट पडतील. त्याला ‘आपण पप्पांना सांगू या’ असं म्हणू नका, तो लगेच नाही म्हणेल. असं म्हणा: ‘त्यांना किती कळायला हवंय ते आपण त्यांनाच विचारू या.’ याला नाही म्हणणं अवघड आहे. आईलाही त्या बोलण्यात घ्या. तिला किती माहीत आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण पन्नास वर्षं एका खोलीत झोपलेल्या बाईला तुम्ही समजता त्यापेक्षा जास्त माहीत असेल.

मग गुरुजी. वाईट बातमी सांगायची पद्धत तुम्हाला वॉर्डात शिकवली असेल, घरात आपण ती विसरतो. आधी त्यांना काय वाटतंय ते काढून घ्यायचं, मग किती जाणून घ्यायचंय ते विचारायचं, आणि त्यानंतरच सांगायचं. तुमच्या बाबतीत मी सुरुवात कबुलीने करीन. ‘पप्पा, त्या रात्री तुम्ही मला विचारलं आणि मी तुम्हाला पूर्ण सांगितलं नाही. मी घाबरले होते. तुम्हाला कसं हवंय? सगळं सांगू, की तुम्ही विचाराल तेवढंच?’ आणि थांबा. त्या थांबण्यात पाणी आणायला उठू नका.

ते म्हणतील, ‘राहू दे, दादा बघेल.’ काही माणसांना खरंच नको असतं, आणि तोही त्यांचा हक्क आहे. तसं झालं तर तुमचं गप्प राहणं खोटं उरत नाही, कारण ते त्यांनी मागून घेतलंय. फक्त ‘बरे व्हाल’ असं यापुढे बोलू नका. पण ते म्हणाले ‘सांग’, तर आजाराचं नाव घेऊन सांगा. ‘गाठ’, ‘इन्फेक्शन’ असल्या शब्दांच्या मागे दडू नका. किती दिवस, हे त्यांनी विचारल्याशिवाय बोलू नका. विचारलं तर आकडा देऊ नका, तो कुणाकडेच नसतो. ‘वर्षांचं नाही, महिन्यांचं बोलताहेत’ एवढं पुरे. वेदना आटोक्यात ठेवता येतात हे त्याच बैठकीत सांगा. माणसाला मरणाइतकीच वेदनेची भीती असते, आणि त्याबाबत तुम्ही नर्स म्हणून खरं आश्वासन देऊ शकता.

पापाचं विचारलंत. मी पाळक नाही, तीस वर्षं पोरांना मराठी शिकवलेली बाई आहे. मला वाटतं, ते खोटं होतं आणि ते तुम्ही भीतीने बोललात. प्रीती नव्हती असं नाही, त्या रात्री भीतीचा आवाज मोठा होता इतकंच. दादा म्हणतो तसं प्रीतीचं नाव लावल्याने ते खरं होत नाही. पण म्हणून ताट पुढे सरकवायचं कारण मला दिसत नाही. ते जेवण निष्पापांसाठी मांडलेलं असतं तर पहिल्या रात्री त्या मेजाभोवती कोण बसलं असतं? प्रभूचा शिष्य पेत्र तर त्यानंतर काही तासांतच ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणाला. खोटंच होतं ते, आणि तेही भीतीपोटी. मन फारच खात असेल तर पाळकसाहेबांशी एकदा बोला, पण पुढच्या वेळी भाकर घ्या.

पप्पांशी बोलण्याचा दिवस नाइट ड्यूटीच्या दुसऱ्या दिवशी ठेवू नका. झोप झालेली असू द्या. केमोच्या लगेच नंतरचे दोन-तीन दिवसही टाळा, तेव्हा ते मळमळीने बेजार असतील.

आणि ती वही. बोलणं पहिल्या दिवशी जमलं नाही, दादा अडून बसला, काहीही झालं, तरी वही उन्हाळ्यापर्यंत ठेवू नका. त्यांचा हात थकला असेल तर तुम्ही लिहून घ्या. बहात्तर साली ते विशीत होते. दुष्काळी कामावर मंडळीतलं कोण कोण गेलं, पाणी कुठून आणलं, देवळात धान्य वाटलं असेल तर कसं, असं एकेक विचारत जा. नावं त्यांना तोंडपाठ असतील. शुद्धलेखन ते तपासतीलच.